बर्कलेने जे ठरवलं नाही

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, एक सल्लागार समिती बसवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात युनिक्सची पुढची आवृत्ती घडत होती, तिला दिशा देणं हे समितीचं काम. त्या समितीतली नावं आज वाचताना थक्क व्हायला होतं. बर्कलेचे बॉब फॅब्री, बिल जॉय आणि सॅम लेफ्लर. युनिक्सच्या दोन जनकांपैकी एक, बेल लॅब्जचे डेनिस रिची. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रिक रशीद. बीबीएन कंपनीचे रॉब गर्विट्झ. पुढची दोन वर्षं ही मंडळी अधूनमधून भेटत राहिली. त्यांच्यापुढे अनेक प्रश्न होते. त्यांतला एक असा : एका यंत्रावरच्या प्रोग्रामला दुसऱ्या यंत्रावरच्या प्रोग्रामशी दोन शब्द बोलायचे असतील, तर त्याने ऑपरेटिंग सिस्टिमकडे नेमकं काय मागायचं?

सॉकेट हे त्याचं उत्तर. मोबाइलवर निरोप येतो, बँकेतून पैसे जातात, रेल्वेचं आरक्षण होतं, तेव्हा कुठे ना कुठे त्या वेळी ठरलेल्या सहा-सात कॉल्सचाच वापर होत असतो. संगणकाच्या जगात चाळीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. त्या काळातली यंत्रं गेली, ती बनवणाऱ्या कित्येक कंपन्याही बुडाल्या. सॉकेट मात्र टिकलं, आणि माझ्या मते त्याचं कारण ते घडवणाऱ्यांनी ज्या गोष्टी ठरवायच्या नाकारल्या त्यांत सापडतं. जिथे त्यांनी घाईत काही ठरवून टाकलं, तिथेच पुढच्या पिढ्यांना ठेचा लागल्या.

युनिक्समधले प्रोग्राम त्याआधी एकमेकांशी बोलत नव्हते असं नाही. १९७३ पासून युनिक्समध्ये पाइप होता. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट व्हायचं, आणि युनिक्सची अर्धी कीर्ती या एका सोयीवर उभी होती. पण पाइपला दोन बंधनं होती. तो एकाच यंत्रात चालायचा, आणि ज्यांना तो वापरायचा ते दोन्ही प्रोग्राम एकाच मूळ प्रोसेसपासून जन्मलेले असावे लागत. स्वतंत्रपणे सुरू झालेल्या दोन अनोळखी प्रोग्रामना एकमेकांना गाठण्याचा रस्ताच नव्हता.

डार्पाची निकड वेगळी होती. तिच्या पैशावर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांकडे नाना तऱ्हेची यंत्रं होती, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याकडे चालत नव्हतं. सगळ्यांची यंत्रं एकसारखी करणं शक्य नव्हतं, निदान ऑपरेटिंग सिस्टिम तरी एक असावी म्हणून युनिक्स निवडलं गेलं. १९८० मध्ये बर्कलेला पहिलं कंत्राट मिळालं. दुसऱ्या कंत्राटात अर्पानेट या नेटवर्कचे नवे प्रोटोकॉल, टीसीपी आणि आयपी, युनिक्समध्ये बसवण्याची मागणी होती.

सॉकेट हे नाव मात्र जुनंच. १९७० पासून ते अर्पानेटच्या कागदपत्रांत आहे. तेव्हाच्या एनसीपी या प्रोटोकॉलमध्ये सॉकेट म्हणजे नुसता एक आकडा होता, आणि तोही एकेरी वाहतुकीचा. सम आकड्याच्या सॉकेटने ऐकायचं, विषम आकड्याच्या सॉकेटने बोलायचं. धड संभाषण करायचं तर दोन जोडण्या लागायच्या. टीसीपीत एकाच जोडणीवर दोन्ही बाजूंनी बोलता येऊ लागलं आणि जोडीतला एक आकडा रिकामा पडला. या आकड्याला टीसीपीत पोर्ट म्हणतात. फाइल पाठवणारं एफटीपी २१ क्रमांकाच्या पोर्टवर, टेलनेट २३ वर, ईमेलचं एसएमटीपी २५ वर, सगळी विषम घरं, ती त्या जुन्या जोड्यांची शिल्लक आहे.

युनिक्सला नेटवर्क जोडण्याचा प्रयत्नही बर्कलेच्या आधी झाला होता. १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी युनिक्सवर एनसीपी बसवलं. त्यांची कल्पना देखणी होती. युनिक्समध्ये सगळं फाइलसारखंच वागतं, मग दूरचं यंत्र का नाही? यंत्राचं नाव फाइलच्या नावासारखं द्यायचं आणि ती फाइल ‘ओपन’ करायची. एखाद्या फाइलकडे जावं तसं एखाद्या यंत्राकडे जायचं असेल, तर हे पुरतं. पण फाइल आपण उघडतो, फाइल आपल्याला उघडत नाही. कोण येणार हे ठाऊक नसताना दार उघडून बसायचं असेल, एकाच वेळी दहा जणांशी बोलायचं असेल, तर एकटं ‘ओपन’ ते सगळं कसं सांगणार?

बर्कलेच्या मंडळींनी म्हणून काम फोडलं. बसून वाट पाहणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, आधी ‘सॉकेट’ मागतो. मग ‘बाइंड’ करून त्याला पत्ता देतो. ‘लिसन’ म्हणून ऐकायला तयार होतो. आणि ‘ॲक्सेप्ट’वर थांबतो. भेटायला येणारा क्लायंट ‘सॉकेट’ मागतो आणि ‘कनेक्ट’ करतो. इथे एक फार सुंदर गोष्ट घडते. कोणी जोडलं गेलं की ‘ॲक्सेप्ट’ सर्व्हरच्या हाती नवंकोरं सॉकेट देतं, त्या एका पाहुण्यापुरतं. मूळ सॉकेट ऐकायला मोकळंच राहतं. जोडणी झाल्यावर मात्र इलिनॉयचीच कल्पना परत येते. सॉकेट हे फाइलसारखंच एक डिस्क्रिप्टर असतं आणि त्यावर युनिक्सचे नेहमीचे ‘रीड’, ‘राइट’, ‘क्लोज’ चालतात. पाइपच्या दिवसांत लिहिलेल्या प्रोग्रामलाही आपण कोणाशी बोलतो आहोत हे कळण्याची गरज उरली नाही.

या कामाची सुरुवात गर्विट्झ यांच्या टीसीपी-आयपीच्या कोडपासून झाली. जॉय यांनी तो बर्कलेच्या युनिक्समध्ये बसवला आणि त्याचा वेग वाढवला. हे करताना जॉय आणि लेफ्लर यांच्या ध्यानात आलं की, नुसत्या डार्पाच्या प्रोटोकॉलची सोय करून भागणार नाही. झेरॉक्सचे प्रोटोकॉल होते, एकाच यंत्रातल्या प्रोग्राममधला संवाद होता, आणि पुढे काय काय येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आतली रचना पुन्हा मांडली. ‘सॉकेट’ मागताना पहिल्या जागी पत्त्यांचं कुटुंब सांगायचं, दुसऱ्या जागी संवादाची तऱ्हा, तिसऱ्या जागी प्रोटोकॉल. इंटरनेट हे या कुटुंबांपैकी एक. पैसे ज्यांनी दिले त्यांचाच प्रोटोकॉल त्यांनी अनेकांतला एक म्हणून बसवला! ‘बाइंड’ आणि ‘कनेक्ट’ यांना पत्ता म्हणजे काही बाइट्स आणि त्यांची लांबी एवढंच कळतं. आतला मजकूर ज्या त्या कुटुंबाने समजून घ्यायचा. या सगळ्या हकिकतीत मी कशापुढे नतमस्तक होत असेन तर या निर्णयापुढे.

पण त्याच आराखड्यात त्यांनी पत्त्याचा एक नमुना साचाही करून ठेवला : दोन बाइट कुटुंबासाठी आणि चौदा बाइट पत्त्यासाठी. इंटरनेटचा पत्ता चार बाइटचा, पोर्ट दोन बाइटचा. चौदा म्हणजे चैनच वाटली असेल. याची कथा पुढे येईल.

आणखी एक गोष्ट बर्कलेने प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडली, ती आजही नवशिक्यांना रडवते. दोन बाइटचा आकडा यंत्रात साठवायचा तर मोठा बाइट आधी की लहान? बर्कलेतली व्हॅक्स यंत्रं लहान बाइट आधी ठेवत, आयबीएमची यंत्रं मोठा. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी एका टिपणात हे भांडण मांडलं, आणि अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या माणसांवरून दोन पक्षांना नावं दिली. तीच आज रूढ आहेत. नेटवर्कवर मोठा बाइट आधी, असं ठरलं. म्हणून व्हॅक्सवर पोर्टचा आकडा देताना तो उलटवून द्यावा लागे. ७ क्रमांकाचं पोर्ट मागताना हे राहून गेलं, तर प्रोग्राम निमूटपणे १७९२ क्रमांकावर जाऊन बसायचा. सात गुणिले दोनशे छप्पन. काहीही चुकल्याचा संदेश नाही, आणि ७ वर हाक मारणाऱ्याला उत्तर नाही.

सात हा आकडा उगाच घेतलेला नाही. मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘एको’ सेवेचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते जेमतेम एका पानाचं आहे. ७ क्रमांकाच्या पोर्टवर जोडलं जा, जे पाठवशील ते जसंच्या तसं परत येईल. नेटवर्क चालतं आहे का, हे पाहण्यासाठी ती सेवा होती. पण जगभरच्या शिकणाऱ्यांचा पहिला सॉकेट प्रोग्राम हाच ठरला, आणि याचं मोठं श्रेय डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांना जातं. १९९० मध्ये त्यांचं युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंगवरचं पुस्तक आलं. त्यात ते एको सर्व्हर लिहितात, तो बिघडवतात, सुधारतात, पुन्हा बिघडवतात. मध्येच क्लायंट मेला तर? सर्व्हरचं यंत्र बंद पडलं तर? दोन माणसं एकाच वेळी आली तर? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत दोन यंत्रांनी सॉकेटवरून एकमेकांना ‘हॅलो’ म्हणण्याचा प्रयोग आहे, तोही याच परंपरेतला.

या ‘हॅलो’त एक अडचण लपलेली असते. टीसीपीला निरोप हा प्रकारच माहीत नाही. तो बाइट्सचा अखंड ओघ पोचवतो, क्रमाने आणि न गाळता. पण एक निरोप कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला ते तो सांगत नाही. पाटाच्या वरच्या तोंडाशी दोन घागरी ओतल्या, म्हणून खालच्या शेतात पाणी दोन घागरींनी येत नाही. दोनदा ‘राइट’ केलेलं समोरच्याला एकाच ‘रीड’मध्ये मिळू शकतं, किंवा एकदा लिहिलेलं तीन तुकड्यांत. स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रावर प्रयोग केला तर सगळं ठाकठीक दिसतं, आणि खऱ्या नेटवर्कवर गेल्यावर निरोप मधूनच तुटतात. निरोपाची हद्द बोलणाऱ्यांनी आपसांत ठरवायची असते. पोस्टेल यांच्याच १९८२ च्या एसएमटीपीत ओळीवर एकटा पूर्णविराम आला की पत्र संपलं, असा करार आहे. इतर काही प्रोटोकॉल आधी निरोपाची लांबी सांगतात. बर्कलेने यातला कोणताच करार सॉकेटमध्ये कोरला नाही, म्हणून पुढे ईमेल, वेब आणि फाइलची देवाणघेवाण या सगळ्यांना त्याच ओघावर आपापली रीत बसवता आली.

एप्रिल १९८२ मध्ये जॉय यांनी हे सगळं ४.१ए या नावाने एकत्र केलं. ते बर्कलेच्या आतल्या वापरापुरतं होतं. पण वाट पाहून कंटाळलेल्या विद्यापीठांत त्याच्या चोरट्या प्रती पसरल्या. लोकांना नेटवर्क लगेच वापरून पाहता यावं म्हणून जॉय यांनी आरलॉगिन, आरएसएच, आरसीपी अशी छोटी साधनंही लिहून टाकली. ती तात्पुरती होती. पुढे धड काही येईल तेव्हा ती वेगळी ओळखू यावीत म्हणून सगळ्यांच्या नावात आधी ‘आर’ ठेवला. त्या वर्षीच जॉय नव्याने निघालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत गेले आणि काम लेफ्लर यांच्या खांद्यावर आलं.

इकडे अर्पानेटचं घड्याळ चालू होतं. १ जानेवारी १९८३ पासून एनसीपी बंद होणार, असं ठरलं होतं. कोणी गाफील राहू नये म्हणून १९८२ मध्ये एनसीपी आधी पूर्ण दिवसभर आणि पुढे दोन दिवस बंद करून दाखवण्यात आलं. ठरल्या दिवशी अर्पानेट टीसीपीवर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेफ्लर यांनी ४.२बीएसडी बाहेर काढलं. दीड वर्षात त्याचे एक हजारांहून अधिक परवाने गेले. ज्या घडीला सगळ्यांना टीसीपी हवं होतं, त्याच घडीला ते चालत्या स्वरूपात, मूळ कोडसकट, विद्यापीठांच्या हाती पडलं.

पुढची वर्षं कसोटीची होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर होतं सुमारे ४०० यार्ड. प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी याचा छडा लावला. वाटेत गर्दी झाली की पाकिटं हरवायची, हरवली की सगळी यंत्रं ती पुन्हा पाठवायची, आणि गर्दी आणखी वाढायची. त्यांचा उपाय म्हणजे टीसीपीने हळू सुरुवात करायची, हरवलेलं पाकीट हा गर्दीचा इशारा समजायचा आणि मागे सरायचं. १९८८ मध्ये तो बर्कलेच्या नव्या आवृत्तीत आला. अख्ख्या इंटरनेटचं वागणं बदललं आणि सॉकेटवर लिहिलेल्या एकाही प्रोग्रामला आपली ओळ बदलावी लागली नाही.

त्याच वर्षी दुसरी बाजूही दिसली. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम बर्कलेचं युनिक्स चालवणाऱ्या यंत्रांमधून पसरत गेला. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सहा हजार यंत्रं त्याने वेठीला धरली. त्याची एक वाट होती ‘फिंगर’. समोरून एक ओळ घ्यायची आणि त्या वापरकर्त्याची माहिती परत पाठवायची, इतकी ती साधी सेवा. ओळीसाठी जागा ५१२ बाइटची, आणि येणारी ओळ किती लांब आहे याची तपासणी नाही. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. दुसरी वाट होती जॉय यांची ती तात्पुरती साधनं. समोरचा प्रोग्राम १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टवरून आला म्हणजे तो त्याच्या यंत्राच्या व्यवस्थापकाच्या संमतीनेच आला असणार, असं ती मानत. ज्यांना एकमेकांची तोंडओळख होती अशा काही शे यंत्रांच्या जगात हा भरवसा शोभत होता. त्या भरवशाची तपासणी प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर सोडली गेली आणि बहुतेकांनी ती केली नाही. मोकळीक ठेवण्याची हीसुद्धा एक किंमत होती, आणि ती आपण अजून मोजतो आहोत.

या काळात स्पर्धक नव्हते असं नाही. एटी अँड टीने स्वतःच्या युनिक्समध्ये टीएलआय नावाचा वेगळा मार्ग दिला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ओएसआय प्रोटोकॉल सरकारांच्या पसंतीचे होते. भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने अर्नेट हे नेटवर्क सुरू झालं, तेव्हा आपल्याकडेही दोन्ही डगरींवर पाय होता. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतले श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी, पवईची आयआयटी, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था यांना जोडणाऱ्या सेकंदाला ९६०० बिटांच्या तारांवर टीसीपी-आयपी आणि ओएसआय असे दोन्ही प्रोटोकॉल चालत. १९९५ नंतर जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीचीच उरली. ओएसआयची कागदपत्रं विकत घ्यावी लागत आणि चालता कोड शोधावा लागे. टीसीपी युनिक्सच्या यंत्राबरोबर घरात येत असे.

याचा पाया बर्कलेने जून १९८९ मध्ये पक्का केला. तोवर बर्कलेचा कोड हवा तर आधी एटी अँड टीचा परवाना लागे, आणि तो महागडा होता. नेटवर्किंगचा भाग बर्कलेत लिहिलेला असल्यामुळे तो वेगळा काढून स्वतंत्रपणे वाटण्यात आला. टेपची किंमत हजार डॉलर. पण एकदा हाती आल्यावर तो कोणीही कोणालाही द्यावा, बदलावा, विकावा, फक्त श्रेय काढू नये. काही जणांनी तो नेटवर वाटेल त्याला घेता येईल असा ठेवला, आणि तरीही शेकडो संस्थांनी पैसे भरून टेप घेतली. १९९३ च्या जानेवारीत विंडोजसाठी विनसॉकचं १.१ मानक आलं. त्यात कॉल तेच आहेत. फरक जाणवतो तो संभाषण संपवताना, कारण विंडोजमध्ये सॉकेट ही फाइल नाही. तिथे ‘क्लोज’ऐवजी ‘क्लोजसॉकेट’ म्हणावं लागतं.

आता त्या चौदा बाइट्सकडे. नव्वदच्या दशकात चार बाइटचे पत्ते पुरणार नाहीत हे उघड झालं आणि आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता सोळा बाइटचा झाला. तो जुन्या साच्यात मावेना. बर्कलेने पत्त्याची लांबी वेगळी सांगायची पद्धत ठेवली होती, म्हणून कॉल मोडले नाहीत. मात्र जिथे जिथे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्या नमुना साच्याच्या मापाने जागा राखली होती, तिथे ती दुरुस्त करत बसावं लागलं. एप्रिल १९९७ मध्ये सॉकेटमध्ये कोणत्या सुधारणा कराव्यात हे सांगणारा दस्तऐवज निघाला. त्याच्या चार लेखकांत स्टीव्हन्सही होते. मार्च १९९९ च्या सुधारित आवृत्तीत कोणताही पत्ता मावेल असा नवा, मोठा साचा आला. पहिल्या जागी सांगायच्या कुटुंबांत एका नावाची भर पडली. ‘बाइंड’, ‘लिसन’, ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘कनेक्ट’ यांत एका अक्षराचाही फरक करावा लागला नाही.